सीटखालची पिवळी वायर

काकू शेजारच्या सीटवर बसल्या की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि काका एकटे गाडी घेऊन निघाले की लागत नाही, एवढीच तक्रार होती. दिव्यावर बसलेल्या माणसाची आकृती आणि तिच्या पुढ्यात एक गोल. एअरबॅगचा दिवा. माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकाने स्कॅनर लावून फॉल्ट पुसून दिला, तो चौथ्या दिवशी परत आला. दुसऱ्याने सांगितलं, "सीटचा सेन्सर गेलाय, अख्खी सीट बदलावी लागेल." खर्च ऐकून काकांचा चेहरा उतरला तेव्हा त्याने दुसरा मार्गही सुचवला, "नाहीतर दिवा बंद करून देतो, पाचशे द्या."

काका माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "तुम्ही सांगा, दिवा बंद केला तर चालेल का?"

बदलापूरच्या कुळगावात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आमच्या धंद्यात माझ्यासारख्याला वायरमन म्हणतात. हा प्रश्न मला महिन्यातून एक-दोनदा ऐकावा लागतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे. ते पुढे येईलच. ते सांगितल्याशिवाय हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

"सेन्सर गेला" हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य आहे. गिऱ्हाइकाला ते पटतं आणि सांगणाऱ्याला पुढे काही शोधावं लागत नाही. तसा त्या दुसऱ्या मेकॅनिकचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. पुढच्या प्रवाशाच्या सीटच्या गादीत, फोमखाली, वजन ओळखणारी एक चपटी पट्टी असते. सीटवर माणूस आहे की नाही हे ती सांगते, म्हणून तर पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण वाजत राहते. काकू बसल्या की दिवा लागतो, म्हणजे वजन पडलं की लागतो, म्हणजे पट्टी खराब. ऐकायला सरळ वाटतं.

मी आधी स्कॅनर लावला. फॉल्ट वजनाच्या पट्टीचा नव्हताच. पुढच्या डाव्या साइड एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त, असा होता. या गाडीत समोरच्या दोन एअरबॅगांशिवाय आणखी दोन होत्या, पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीच्या कुशीत, दाराच्या बाजूला. मग मी स्वतः त्या सीटवर बसून पाहिलं. दिवा लागला नाही. उठलो, पुन्हा बसलो, उड्या मारून पाहिल्या. नाही.

"काकू, तुम्ही रोज बसता तशा बसून दाखवा," मी म्हटलं.

काकूंनी दार उघडलं, वाकून सीटखालची दांडी उचलली, सीट पार मागे ढकलली, आणि त्यांचा पाय अजून आत पडायचा होता तोवर दिवा लागला.

"गुडघा दुमडत नाही हो माझा," काकू म्हणाल्या. चूक आपलीच आहे असं त्यांना वाटलं असावं.

"आणि काका, तुम्ही एकटे असता तेव्हा?"

"ती उतरली की सीट पुढे घेतो मी. मागे पायांपाशी बाजाराच्या पिशव्या राहतात ना."

दोन महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. स्कॅनर फार तर सर्किट सांगतो. बिघाड कधी येतो, कशाने येतो हे त्या गाडीत रोज बसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, फक्त ते सांगण्यासारखं आहे हे त्याला माहीत नसतं. काकूंचं वजन, सेन्सर, सीट, सगळं बाजूला पडलं. सीट मागे सरकली की काहीतरी ताणलं जातंय, एवढं आता कळलं होतं.

इथे मला माझ्या हाताच्या एका जुन्या सवयीबद्दल सांगावं लागेल. अंबरनाथच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी उस्तादांकडे कामाला लागलो. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, मेटाडोर आणि मग रांगेने मारुत्या. उस्तादांचं सगळं शास्त्र एका टेस्ट लॅम्पमध्ये होतं. बारा व्होल्टचा बल्ब, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. चिमटा बॉडीला लावायचा, सुई वायरीत टोचायची. "जहाँ तक बत्ती जली, वहाँ तक तार अच्छा," ते म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी पहिली दहा वर्षं पोट भरलं. अजूनही गाडीखाली गेलो की माझा उजवा हात आपोआप टेस्ट लॅम्प शोधतो.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला तो लावायचा नाही. एअरबॅगच्या पोटात स्क्विब नावाचा बारीक पेटवणीचा भाग असतो. त्यातल्या केसासारख्या तारेचा रेझिस्टन्स साधारण दोन-तीन ओहम. त्यातून पुरेसा करंट गेला की ती तापते, दारू पेटते, वायू सुटतो आणि पिशवी फुगते. टक्कर झाल्यापासून हे सगळं साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत उरकतं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. टेस्ट लॅम्पच्या बल्बातून जाणारा करंट त्या तारेला पेटवायला पुरेसा ठरू शकतो. साधा मीटरसुद्धा ओहम मोजताना आपल्या बॅटरीतून थोडा करंट सोडतो, म्हणून एअरबॅगवर मीटर लावू नका असं कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत ठळक छापलेलं असतं. एअरबॅगच्या वायरी नि कपलर पिवळे ठेवलेले असतात ते याचसाठी. पिवळं दिसलं की हात मागे घ्यायचा, हे मला तिशी ओलांडल्यावर नव्याने शिकावं लागलं.

काकांना हे समजावून सांगायची वेळच आली नाही. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत झाली होती. मी दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि स्टुलावर बसलो, तेव्हा माझ्या हाताखालचा पोरगा चुळबुळ करायला लागला. काकाच त्याला म्हणाले, "बस जरा. चार्ज उतरू दे." अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी पिशवी फुगायला हवी, म्हणून एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये विजेचा थोडा साठा राखून ठेवलेला असतो. बॅटरी काढली तरी तो लगेच जात नाही. कुठली कंपनी एक मिनिट थांबा म्हणते, कुठली तीन, कुठली दहा. मी सरसकट दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात एक चहा होतो.

मग मी सीटखाली टॉर्च मारला.

पहिली गोष्ट दिसली ती सीट कव्हरचे हुक. काकांनी सहा महिन्यांपूर्वी गाडीला नवीन रेक्झिनचं कव्हर चढवून घेतलं होतं, छान घट्ट बसणारं. अशा कव्हरला खालून इलॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांना वाकडे लोखंडी हुक. बसवणारा माणूस सीटखाली हात घालतो, न बघता हुक कुठेतरी अडकवतो आणि ओढतो. त्यातला एक हुक पिवळ्या वायरीच्या स्लीव्हमध्ये अडकला होता. सीट पुढे असली की वायर सैल. सीट मागे गेली की हुक तिला धरून ताणत होता.

इथेच थांबलो असतो, हुक सोडवला असता, फॉल्ट पुसला असता तर दिवा गेला असता आणि काका खूश होऊन घरी गेले असते. पण सहा महिने ताण पडला म्हणून वायर आतून तुटावी, हे मला पटेना. या वायरी तशा सहज तुटत नाहीत. सीटचे चार बोल्ट काढायला घेतले तर ते गंजून बसलेले. सीट वर उचलून मागे टेकवली आणि कार्पेटच्या फटीत बोट घातलं. कार्पेट वरून कोरडं होतं. त्याखालचा फोम दाबला तर ओला लागला नाही, पण वास आला. तो वास बदलापुरात राहणाऱ्या माणसाला सांगावा लागत नाही.

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या होड्या, वरून हेलिकॉप्टरं. सगळ्या देशाने ती गाडी पाहिली. त्याच उल्हास नदीचं पाणी त्या रात्री इकडे रमेशवाडी, हेंद्रेपाडा, मांजर्लीत शिरलं होतं आणि इमारतींखाली उभ्या असलेल्या गाड्या त्यात होत्या, ते आम्ही पाहिलं. 2005 च्या 26 जुलैनंतरही तसंच झालं होतं, पण तेव्हाच्या गाड्यांत वायरी कमी होत्या. 2019 नंतर महिनाभर माझ्या दुकानासमोर सीटा उन्हात मांडलेल्या असायच्या. काही लोकांनी विम्याचा दावा केला. काहींनी गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून विकली. आमच्या शहराला पूररेषा आहे, ती नकाशावर काढलेली असते. गाडीलाही पूररेषा असते, पण ती कार्पेट उचलल्याशिवाय दिसत नाही. या गाडीत ती सीटच्या रुळावर होती. ग्रीसमध्ये रुतलेला बारीक चिखल, आणि त्याच्या वर एक बोट अंतरावर स्वच्छ पत्रा.

काकांनी गाडी सेकंडहँड घेतली होती. विकणाऱ्याने त्यांना पावसाचा शब्दही सांगितला नव्हता. ते पाणी कोणत्या वर्षीचं, हे मला सांगता येईना.

पिवळा कपलर सोडवला. एका पिनेच्या मुळाशी हिरवट पूड होती. तांब्याला पाणी लागून राहिलं की असा हिरवा गंज चढतो. जुन्या तांब्याच्या भांड्यांवर चढतो तोच. वायरीत एकदा पाणी शिरलं की ते प्लॅस्टिकच्या आतल्या आत तारांच्या पिळातून पुढे सरकतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. वरून वायर नवी दिसते आणि आत तांबं काळं पडून एकेक तार तुटत जाते. अशा अर्धमेल्या वायरीला हुकाने ओढलं होतं. एकट्या हुकाने किंवा एकट्या पाण्याने बहुधा एवढं झालं नसतं.

पण हा अजून माझा अंदाजच होता, आणि दोष कपलरच्या कुठल्या बाजूला आहे हे ठरवणं हेच खरं काम असतं. सीटकडच्या बाजूला असेल तर एअरबॅगच बदलावी लागते. जमिनीकडच्या बाजूला असेल तर फक्त वायरिंगचा तुकडा. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. इथे नवीन पोरं एका सापळ्यात सापडतात, तोही सांगून ठेवतो, कारण तो कोणी शिकवत नाही. एअरबॅगचा कपलर सोडवला की आतली एक बारीक पत्ती दोन्ही पिना आपसात जोडून टाकते. हाताळताना अंगातली स्थिर वीज लागून पिशवी फुटू नये म्हणून केलेली ही सोय. पोरगा सोडवलेल्या वायरीवर मीटर लावतो, मीटर शॉर्ट दाखवतो, आणि तो नसलेला शॉर्ट शोधत अख्ख्या गाडीचं कार्पेट काढतो. मीही एकदा काढलं होतं.

मी सीटच्या एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा डमी रेझिस्टर लावला. तपासणीसाठी असा डमी वापरायचाच असतो, आणि तपासणी झाली की काढायचाच असतो. बॅटरी जोडली, कोणालाही आत बसू न देता बाहेरून किल्ली फिरवली आणि स्कॅनरवर त्या सर्किटचा आकडा लावून ठेवला. 2.2 ओहम. पोराला सांगितलं, आता वायर हळूच मागे ओढ. 2.2. आणखी. 3.9. आणखी. आकडा गेला, सर्किट उघडं, दिवा लागला. एअरबॅग तर आता सर्किटमध्ये नव्हतीच, म्हणजे ती निर्दोष. दोष जमिनीकडच्या वायरीत. पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा दहा मिनिटं, मॉड्यूलकडचा कपलरही सोडवला. दोन्ही टोकं मोकळी झाल्यावर मग मीटर लावायला हरकत नव्हती. दोनपैकी एक वायर ठणठणीत. दुसरी ओढली की मीटरचा काटा मेल्यासारखा पडायचा. कपलरपासून चार बोटांवर.

मुळात दोन-अडीच ओहमच्या सर्किटमध्ये थोडासा रेझिस्टन्स वाढला तरी मॉड्यूलला तो चालत नाही. जुन्या फियाटच्या हॉर्नला एवढा लूज कॉन्टॅक्ट असता तर हॉर्न थोडा घसा बसल्यासारखा वाजला असता आणि मालक तसाच वर्षभर फिरला असता. इथे तसं नाही. एअरबॅगला आयुष्यात एकदाच वाजायचं असतं.

काकांनी सगळं पाहिलं आणि कोणीही विचारेल तेच विचारलं, "चार बोटांवर तुटलीय ना? मग कापा, जोड मारा, वर टेप लावा."

मी नाही म्हणालो. एअरबॅगच्या वायरीला रस्त्यावरचा जोड बहुतेक कंपन्यांना मान्य नाही. तुकडा बदलायला सांगतात. आणि ज्या वायरीच्या पोटात पाणी चढलंय तिचा चार बोटांवरचा भाग कापला तर सहा बोटांवरचा उद्या जाणार. काका म्हणाले, "मग तोपर्यंत दिव्याचंच काहीतरी करा." तेव्हा मी त्यांना 2013 सालची गोष्ट सांगितली. तोवर मी ती कोणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी माझ्याकडे एक पांढरी गाडी आली. समोरून ठोकलेली, मग पत्रा, रंग, डॅशबोर्ड सगळं करून चकाचक केलेली. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग त्या ठोकरीत उडून गेली होती. नवी टाकली नव्हती, वर नुसतं झाकण बसवलं होतं. मालकाला गाडी विकायची होती आणि दिवा लागत होता. मॉड्यूल एअरबॅगला ओळखत नाही, तो फक्त तिचे दोन-अडीच ओहम ओळखतो. तेवढ्या रेझिस्टन्सचा एक बारीक रेझिस्टर कपलरमध्ये बसवला की त्याला वाटतं समोर एअरबॅग आहे. मला ते माहीत होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी रेझिस्टर लावला, टेप मारली, दिवा विझला. आठशे रुपये घेतले.

रविवारी घेणारा माणूस माझ्याच दुकानासमोर गाडी बघायला आला. त्याने मलाच विचारलं, "वायरिंग वगैरे ठीक आहे ना, दादा?" मी म्हटलं, "ठीक आहे." त्याची बायको डाव्या सीटवर बसली, पट्टा लावला, आणि ते दोघं स्टेशनच्या दिशेने गेले. तिच्यासमोर पिशवी नव्हती. हे विकणारा सोडला तर फक्त मला माहीत होतं.

तेव्हा मला फार काही वाटलं नाही, हेही खरं सांगतो. तीन वर्षांनी कर्जत रस्त्यावर झाडाला धडकलेली एक गाडी ओढून माझ्याकडे आणली. दोन्ही पिशव्या उघडून लोळत होत्या. डावीकडच्या पांढऱ्या पिशवीवर कुंकवाचा डाग होता, कपाळाएवढ्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः चालत आल्या, गाडीत राहिलेला डबा आणि छत्री न्यायला. डाग त्यांच्याच कपाळाचा होता. डबा घेतला, छत्री घेतली आणि गेल्या.

त्या रात्री मी 2013 च्या मालकाचा नंबर शोधला. लागला नाही. ज्याने घेतली त्याचा तर नंबर माझ्याकडे कधी नव्हताच. त्या गाडीचा नंबर मात्र मला पाठ आहे. एमएच-05 ची पांढरी गाडी पुढे दिसली की मी अजून शेवटचे चार आकडे वाचतो.

मी आयुष्यात हजारो हॉर्न, लाइटी, स्टार्टर दुरुस्त केले. ते सगळं काम गिऱ्हाईक माझ्यासमोर बटण दाबून तपासतं आणि मगच पैसे देतं. चुकलं तर संध्याकाळी परत येऊन शिव्या देतं. एअरबॅगचं काम कोणी तपासू शकत नाही. पीयूसीवाला धूर बघतो. पोलीस कागद बघतो. गिऱ्हाईक दिवा बघतं, आणि दिवा मला खोटं बोलायला शिकवता येतो. म्हणून या एका कामात वायरमनच्या शब्दाशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात काही नसतं, आणि मी तो शब्द एकदा आठशे रुपयांना विकलेला आहे.

आता एअरबॅगवाल्या गाड्या माझ्यासारख्यांच्या दुकानांत जास्त येणार आहेत. चालकासमोरची एअरबॅग आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2021 पासून, आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना 2022 च्या सुरुवातीपासून. त्या गाड्यांच्या वॉरंट्या संपतात, त्या हातोहात विकल्या जातात आणि कंपनीच्या वर्कशॉपमधून आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. आमच्यातल्या किती जणांना पिवळ्या वायरीची शिस्त माहीत आहे? आयटीआयमध्ये मला ती शिकवायला तेव्हा एअरबॅगच नव्हती. आताच्या मुलांना ती पहिल्या सहा महिन्यांत शिकवावी, टेस्ट लॅम्प हातात देण्याच्या आधी.

ओलाव्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि पिशवी फुगताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडायचे. जगभरात कोट्यवधी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या, भारतातल्या गाड्यांच्याही, आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जुनी गाडी घेतली असेल तर तिचा चॅसी नंबर कंपनीला देऊन ती अशा यादीत आहे का, आणि काम झालंय का, हे फुकट विचारता येतं. काकांची गाडी यादीत नव्हती. आम्ही विचारलं.

वायरिंगचा तुकडा यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस काकू मागे बसल्या, पट्टा लावून. काकांनी फोन करून मुद्दाम विचारलं होतं, मागे पट्टा लावायलाच हवा का. हो, म्हटलं, मागेसुद्धा. पट्टा नसेल तर पुढची पिशवीही माणसाला नीट वाचवू शकत नाही. माणूस तिच्यावर वेळेआधी आणि वेडावाकडा जाऊन आदळतो.

नवी वायर टाकली, कंपनीने दिलेल्या क्लिपांत बसवली, सीट पूर्ण मागे घेतली तरी तिला बोटभर ढील राहील असं पाहिलं. त्या बाजूचे बाकीचे कपलर उघडून साफ केले. पट्ट्याच्या बकलचा थोडा हिरवा होता. सीट तीस वेळा पुढे-मागे केली. मग कात्रपच्या खड्ड्यांतून गाडी फिरवून आणली. 2.2 ओहम, हलला नाही. काकांना स्पष्ट सांगितलं, पाणी शिरलेल्या गाडीच्या उरलेल्या वायरींची हमी मी देणार नाही, दर दिवाळीला एकदा आणून दाखवा.

सीट कव्हरचं काम राहिलं होतं. ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते तिच्यावर दाराच्या बाजूला एक छोटी पट्टी शिवलेली असते, तसं लिहिलेली. ती पिशवी शिवण फाडून बाहेर येते. काकांच्या नव्या कव्हरने ती पट्टी पूर्ण झाकली होती, वर दुहेरी शिवण. वायर मी जागेवर आणली होती, पण पिशवीला बाहेर यायला वाट नव्हती. अशा सीटांसाठी त्या बाजूला सैल, फाटणारी शिवण ठेवलेली कव्हरं वेगळी मिळतात. कव्हर महागाचं होतं, मी कात्री घ्यायला कचरत होतो. काकूंनीच पुढे होऊन दोन्ही सीटांची कव्हरं ओढून काढली आणि माझ्या बाकावर ठेवली. "पोछायला होतील," म्हणाल्या.

वाचणाऱ्यांना एक सांगतो. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटायला हवा आणि पाच-सहा सेकंदांनी विझायला हवा. पेटलाच नाही तर तो बहुधा कोणीतरी काढलेला आहे. पेटून तसाच राहिला तर गाडीला काही सांगायचं आहे. नीट पेटून विझला तरी समोरची एअरबॅग खरोखर जागेवर आहे का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून बघून घ्या, आणि कार्पेटचा एक कोपरा तुमच्या डोळ्यांसमोर उचलायला लावा.

आणि 2013 च्या पावसाळ्याआधी कुळगावात माझ्या दुकानासमोरून ज्यांनी पांढरी गाडी घेतली, वहिनींना डाव्या बाजूला बसवून जे स्टेशनकडे गेले, त्या दादांच्या हाती हे पडलं तर त्यांनी यावं. गाडी अजून त्यांच्याकडे असो किंवा पुढे कोणाकडे गेलेली असो. दुकान तिथेच आहे. समोरची बॅग आणि वायरिंग मी माझ्या पैशाने नवीन बसवून देईन.